भर दुपारी दिसेल तीच स्क्रीन

ऑगस्टचा दुसरा पंधरवडा होता. कळमनुरी तालुक्यात मामांच्या शेतावर ई-पीक पाहणीची नोंद करायला गेलो होतो. तीन दिवसांची झड नुकतीच उघडली होती आणि ऊन असं रखरखीत पडलं होतं, की ओल्या सोयाबीनच्या पानांकडेही बघवत नव्हतं. मामांनी फोन माझ्यापुढे धरला. "बघ बरं, तुला काही दिसायलंय का यात? मला तर कायबी दिसंना." फोन नवाच होता, आदल्या दसऱ्याला घेतलेला. स्क्रीनवर मामांचा पांढरा सदरा दिसत होता, टोपी दिसत होती, मागचं आभाळ दिसत होतं. गट क्रमांकाचा रकाना तेवढा दिसत नव्हता. शेवटी मामांनी खांद्यावरचं उपरणं आम्हा दोघांच्या डोक्यावर ओढलं. त्या सावलीत आम्ही खातं निवडलं, हंगाम निवडला, पीक निवडलं. फोटो काढायला उपरणं बाजूला केलं आणि पुन्हा सगळं नाहीसं झालं.

उजेडाची पट्टी मामांनी आधीच शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली होती. शंका आली म्हणून मी सेटिंगमध्ये जाऊन ‘ऑटो ब्राइटनेस’ चालू केलं. चार-पाच सेकंदांत स्क्रीन एकदम उजळली. पट्टी टोकाला नेऊनही मिळाला नव्हता इतका उजेड आला. मामा म्हणाले, "आता दिसायलंय की. मग हे आधी कामून बंद होतं?"

त्या ‘कामून’चं उत्तर शोधता शोधता गेल्या काही वर्षांत आलेले फोन, त्यांचे डिस्प्ले आणि त्यांच्या जाहिरातींतले आकडे मी बारकाईने पाहत गेलो. हा आढावा त्यातून झाला आहे. तो हिंगोलीतून लिहिलेला आहे, आणि फोनची परीक्षा कुठे घ्यायची हे त्यामुळेच ठरलं आहे.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत. खरिपात सोयाबीन, आणि हळद तर इथली ओळखच. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. इथला माणूस दिवसाचा बराचसा वेळ उघड्या आभाळाखाली असतो. त्याचं फोनवरचं कामही आता तिथेच आलं आहे. ई-पीक पाहणी राज्यात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. तिची अटच अशी, की शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा. घरी बसून, सावलीत, सवडीने ती होत नाही. २०२३ च्या खरिपातल्या सोयाबीन-कापसाला हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, मदत जाहीर झाली, तेव्हा सुरुवातीला आधार धरला गेला तो याच नोंदीचा. नोंद राहून गेलेल्यांची त्या वेळी झालेली तारांबळ गावोगाव आठवते. पीक विम्यात २०२४ पर्यंत नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यावी लागायची, तीही बहुतेक वेळा पाण्यात उभ्या पिकाच्या बांधावरून. म्हणजे स्क्रीन दिसते की नाही हा प्रश्न इथे हौसेचा राहत नाही, थेट पैशांचा होतो. आणि फोनची परीक्षणं मात्र होतात शहरातल्या खोल्यांत, पंख्याखाली, पडदे ओढून.

आता डिस्प्लेकडे वळू. बाजारात नावं डझनभर आहेत: टीएफटी, आयपीएस, पीएलएस, सुपर अॅमोलेड, पी-ओलेड, एलटीपीओ. मुळात घराणी दोनच, एलसीडी आणि ओलेड. बाकीची या दोघांची लेकरं.

एलसीडीचा उगम शेतमालातला आहे, हे मला फार आवडतं. १८८८ मध्ये फ्रीडरिख रायनिट्झर हा ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलवर काम करत होता. त्यापासून केलेला एक पदार्थ दोनदा वितळतो असं त्याच्या लक्षात आलं: आधी गढूळ, मग आणखी तापवल्यावर स्वच्छ. त्या गढूळ अवस्थेत तो पदार्थ वाहतो द्रवासारखा आणि प्रकाशाला वळवतो स्फटिकासारखा. हाच द्रवस्फटिक. फोनमध्ये या द्रवस्फटिकाच्या थरामागे पांढरा दिवा सतत पेटलेला असतो. पुढचे थर खिडकीच्या झडपांसारखे उघडझाप करून हवा तेवढा प्रकाश पुढे सोडतात आणि रंगीत गाळण्या त्याला लाल, हिरवा, निळा करतात. या सगळ्या चाळण्यांतून पार होता होता मागच्या दिव्याचा जेमतेम विसावा हिस्सा डोळ्यापर्यंत पोचतो. झडपा पूर्ण बंद होत नसल्यामुळे एलसीडीचा काळा रंग अंधारात राखाडी वाटतो.

ओलेडमध्ये मागे दिवाच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. कोडॅक कंपनीत चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये सेंद्रिय पदार्थाचा पातळ थर कमी व्होल्टेजवर उजळून दाखवला, तिथून हे सुरू झालं. काळं म्हणजे ठिपका बंद, त्यामुळे काळं खरोखर काळं. पण सेंद्रिय पदार्थ झिजतो, निळा सगळ्यात आधी. एकच चित्र महिनोन्‌महिने एकाच जागी राहिलं तर त्याचा डाग उमटतो. जुना अॅमोलेड फोन विकत घेताना पूर्ण पांढरं पान उघडून वरच्या बाजूला बॅटरी-घड्याळाची सावली दिसते का, ते पाहावं.

हिंगोलीसारख्या बाजारात ओलेड अचानक आलेलं नाही. २०१५ मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी जे-२ हा ८,४९० रुपयांचा फोन सुपर अॅमोलेड होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये गॅलेक्सी एम-३० आला १४,९९० ला, आणि मार्च २०२१ मध्ये रेडमी नोट १० ने ११,९९९ रुपयांत चांगला अॅमोलेड देऊन खेळ पालटला. अॅपलने पहिला ओलेड आयफोन २०१७ मध्ये काढला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयफोन १६-ई आल्यावर नव्या आयफोनांतून एलसीडी हद्दपार झाली. दहा हजारांच्या खाली मात्र एलसीडीचंच राज्य आहे, आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त खरेदी होते ती याच टप्प्यात आणि त्याच्या जरा वर.

मामांच्या सदऱ्याकडे परत जाऊ, कारण खरं गणित त्यातच आहे. उजेडाचं माप ‘निट’ या एककात सांगतात. भर दुपारच्या उन्हात उभ्या माणसाचा पांढरा सदरा दहा ते पंधरा हजार निट इतका उजळलेला असतो. साधी काच तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी साधारण ४ टक्के परत पाठवते. म्हणजे सदऱ्याचं जे प्रतिबिंब स्क्रीनवर दिसतं, तेच चारशे ते सहाशे निटचं. पाचशे धरा. आता फोनची स्क्रीन ५०० निटची असेल तर पांढऱ्या पानावर ५०० अधिक ५००, आणि काळ्या अक्षरावरही ५०० आहेतच. पांढरं आणि काळं यांच्यात फरक उरला दुपटीचा. वेबवरचा मजकूर वाचता यावा म्हणून जगभर जो किमान दंडक पाळला जातो, तो साडेचारपटीचा आहे. उन्हात तो गाठायचा तर स्क्रीनला जवळपास १,७५० निट हवेत. दहा हजारांच्या आतल्या बहुतेक फोनांत ५०० ते ८०० असतात. मामांना ‘कायबी दिसंना’ झालं त्यात त्यांच्या डोळ्यांचा काही दोष नव्हता.

यावर दोन उपाय आहेत. एक, स्क्रीन जास्त उजळ करणं. सगळ्या कंपन्या त्याच्यामागे धावत आहेत. दुसरा, काचेने परत फेकलेला उजेडच कमी करणं. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या गॅलेक्सी एस-२४ अल्ट्रामध्ये कॉर्निंगची ‘गोरिला आर्मर’ काच आली. ती प्रतिबिंब पाऊण हिश्शापर्यंत कमी करते, असं कंपनी सांगते. वरचंच गणित पुन्हा मांडा. प्रतिबिंब ५०० वरून १२५ वर आलं तर ५०० निटची साधी स्क्रीनही पाचपट फरक दाखवते. म्हणजे चकाकी घालवलेली पाचशेची स्क्रीन चकाकणाऱ्या पंधराशेच्या स्क्रीनपेक्षा उन्हात सरस, शिवाय बॅटरीही वाचते. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयफोन १७ च्या काचेवरही असा थर आहे. पण तो फोन ८२,९०० रुपयांचा आणि एस-२४ अल्ट्रा आला तेव्हा १,२९,९९९ चा. डिस्प्लेतल्या गेल्या दहा वर्षांतल्या सुधारणांपैकी शेतकऱ्याच्या सगळ्यात उपयोगाची ही, आणि तीच त्याच्या टप्प्यात अजून आलेली नाही. ती दहा हजारांच्या फोनात पहिल्यांदा कोण आणतं, याकडे मी डोळे लावून बसलो आहे.

याच्या नेमकं उलट एक उत्तर आपल्याकडे फार आधी होतं. २००३ सालचा नोकिया ११०० आठवतो? टॉर्चवाला. जगभर पंचवीस कोटींच्या वर खपलेला. त्याची ती हिरवट स्क्रीन उन्हात जास्तच स्पष्ट दिसायची, कारण ती बाहेरचा उजेडच परत पाठवून अक्षर दाखवायची. ऊन हाच तिचा दिवा होता. २००६ मध्ये मोटोरोलाने भारतात आणलेल्या मोटोफोन एफ-३ ची स्क्रीन तर ई-इंकची होती, छापील कागदासारखी. रंग आले, व्हिडिओ आले आणि हे सगळं मागे पडलं. पाच एकरांच्या धुऱ्यावर उभं राहून नंबर वाचता येणं ही गोष्ट आपण वीस वर्षांपूर्वी मिळवलेली होती आणि पुढे जाता जाता गमावली.

आता निटच्या आकड्यांचं बोलू, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. वनप्लस १२ जानेवारी २०२४ मध्ये आला तो ४,५०० निटची घोषणा करत. हा उजेड स्क्रीनच्या अगदी छोट्या तुकड्यावर, बाकीचं चित्र काळं असताना, क्षणभर मिळतो; सिनेमातल्या आगीच्या ठिणगीसाठी. उन्हात पूर्ण स्क्रीन उजळते तेव्हाचा त्याच फोनचा आकडा १,६०० आहे. तोही उत्तमच, पण जाहिरातीच्या अर्ध्याहून कमी. अॅपल तीन वेगवेगळे आकडे छापतं. आयफोन १७ चे एरवी १,००० निट, एचडीआर व्हिडिओत १,६०० आणि बाहेर उन्हात जास्तीत जास्त ३,०००. निदान काय कशाचं ते कळतं. नथिंग कंपनीच्या सीएमएफ फोन २ प्रो या एप्रिल २०२५ मध्ये १८,९९९ ला आलेल्या फोनची जाहिरात ३,००० निटची, आणि उन्हातला पूर्ण स्क्रीनचा आकडा १,३००. खोक्यावर ‘पीक’ लिहिलेला आकडा सोडून द्या. ‘हाय ब्राइटनेस मोड’ किंवा एचबीएम म्हणून दिलेला आकडा विचारा, तोच शेतातला आकडा.

हा एचबीएम बहुतेक फोनांत ऑटो ब्राइटनेस चालू असेल तरच जागा होतो. हाताने पट्टी कितीही ओढली तरी तो मिळत नाही. मामांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर हे. उरलेलं निम्मं असं, की बॅटरी वाचते म्हणून दुकानातल्या पोरानेच ऑटो बंद करून दिलं होतं.

दुसरं, स्क्रीनगार्ड. कडेला गोंद लावलेली स्वस्त टेम्पर ग्लास बसवली की मध्ये हवेचा पातळ थर राहतो, आणि एका चकाकणाऱ्या पृष्ठभागाऐवजी तीन होतात. पूर्ण गोंदाची, हवा न राहणारी काच शंभर-दीडशे जास्त देऊन बसवणं हा सगळ्यात स्वस्त उन्हाळी उपाय आहे. तिसरी गोष्ट वडीलधाऱ्यांनी न सांगता केलेली मी पाहिली आहे: सूर्याकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे छाती सावलीत जाते, डोक्याची सावली फोनवर पडते. आणि डार्क मोड उन्हात बंद ठेवावा. रात्री तो डोळ्यांना बरा, ओलेडमध्ये बॅटरीही वाचवतो. पण उन्हात काळ्या पार्श्वभूमीवर आरशासारखं सगळं आभाळ उतरतं.

उन्हाळ्याचा प्रश्न निराळा. हळद शिजवून वाळत घालण्याचे दिवस म्हणजे मार्च-एप्रिल. पारा चाळिशीपार. अॅपल स्वतः सांगतं, की आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरण्यासाठी बनवला आहे. आपल्याकडे एप्रिलच्या सकाळी दहालाच पस्तीस ओलांडलेले असतात. फोन तापला की तो स्वतःला वाचवायला आधी स्क्रीन मंद करतो, म्हणजे उजेडाची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच तो कमी होतो. वाळत घातलेल्या हळदीवर, ट्रॅक्टरच्या बोनेटवर, मोटारसायकलच्या टाकीवर फोन ठेवू नये, याचं कारण एवढं साधं आहे.

नव्या फोनांचा टप्प्याटप्प्याने हिशेब करतो. सात हजारांच्या आत २०२५ मध्ये रेडमी ए-५ सारखे फोन ६,४९९ ला आले. ६.८८ इंची मोठी स्क्रीन, १२० हर्ट्‌झ. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला रेडमी ए-४ फाइव्ह-जी ८,४९९ चा, तशीच स्क्रीन, ६०० निट. १२० हर्ट्‌झ म्हणजे चित्र सेकंदाला १२० वेळा नवं होतं. बोटाने यादी सरकवताना ते लोण्यासारखं वाटतं, आणि दुकानात दाखवायला यासारखी गोष्ट नाही. फॉर्म भरताना, सातबारा वाचताना, फोनवर बोलताना त्याचा उपयोग काही नाही. या मोठ्या स्क्रीनवर आडव्या रेषेत ठिपके मात्र ७२० च आहेत.

हे ७२० ठिपके मराठी वाचणाऱ्याला जास्त महागात पडतात, आणि याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. रोमन अक्षर दोन-चार रेघांचं असतं. आपलं ‘ष्ट्र’ घ्या, ‘र्त्य’ घ्या, ‘द्ध’ आणि ‘ध्द’ यांतला फरक घ्या. वर वेलांटी, त्यावर रफार, त्यावर अनुस्वार, खाली उकार. त्याच उंचीत आपण तीन मजले चढवतो. पीडीएफमधला सातबारा उघडा. पानभर रुंदीचा तक्ता सात सेंटिमीटरच्या स्क्रीनवर येतो, त्यातला गाव नमुना बाराचा भाग रकान्यांनी गच्च भरलेला. ७२० ठिपक्यांत ‘पड’ आणि ‘पड क्षेत्र’ यांच्याशेजारचा आकडा ३ आहे की ८, हे मोठं केल्याशिवाय कळत नाही. १,०८० ठिपक्यांच्या फुल एचडी स्क्रीनवर दीडपट ठिपके मिळतात आणि अक्षरं सुटी होतात. चाळिशीचा चष्मा लागलेल्या माणसाने हा फरक दुकानातच पाहून घ्यावा. १२० हर्ट्‌झपेक्षा तो शंभर पटींनी कामाचा आहे.

म्हणून दहा हजारांच्या आसपास मला आवडलेला फोन डिसेंबर २०२४ मध्ये ९,९९९ ला आलेला मोटो जी-३५. एलसीडीच, पण फुल एचडी आणि १,००० निट. अॅमोलेड नाही म्हणून त्याला नाकं मुरडली गेली. शेतातल्या कामासाठी त्या पैशांत तो त्या वेळच्या कितीतरी चकचकीत फोनांपेक्षा सरस होता. त्याच्या जरा वर अॅमोलेड सुरू होतं. लावाने एप्रिल २०२५ मध्ये बोल्ड फाइव्ह-जी हा कडा वळवलेल्या अॅमोलेडचा फोन साडेदहा हजारांच्या आसपास आणला. सॅमसंगचा एम-१६ २०२५ मध्ये अकरा-बारा हजारांत सुपर अॅमोलेड घेऊन आला, ९० हर्ट्‌झ, उन्हात ८०० निट. लावासारख्या भारतीय कंपनीने या किमतीत एवढं द्यावं याचं मला कौतुक आहे. वळवलेली कड मात्र मी शेतातल्या माणसाला सुचवणार नाही. तिच्यावर टेम्पर ग्लास नीट बसत नाही, आणि पडला की कडेवरच पडतो.

पंधरा ते वीस हजारांत सध्या सगळ्यात जास्त न्याय मिळतो. सीएमएफचं नाव वर आलंच आहे. या टप्प्यात फुल एचडी, अॅमोलेड आणि उन्हात हजाराच्या वर निट हे तिन्ही एकत्र मिळतात. त्याच्या पुढे पैसे वाढतात तसा डिस्प्ले त्या प्रमाणात वाढत नाही. महागड्या फोनांतलं एलटीपीओ तंत्र स्क्रीनचा वेग गरजेप्रमाणे कमी करून बॅटरी वाचवतं. छान आहे, तातडीचं नाही. घडीचे फोन, जुलै २०२५ चा १,७४,९९९ चा गॅलेक्सी झेड फोल्ड ७ वगैरे, यांचा इथल्या बाजाराशी संबंध नाही, म्हणून सोडून देतो.

विद्यार्थ्यांसाठी एक वेगळी सूचना. हिंगोलीत खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं-मुली रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर पीडीएफ वाचतात, शेजारचा झोपलेला असतो म्हणून उजेड अगदी कमी करून. बहुतेक ओलेड स्क्रीन उजेड कमी करायला सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात. डोळ्याला ती दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात. ज्यांना असं होतं त्यांनी चष्म्याचा नंबर तपासण्याबरोबर एकदा मित्राच्या एलसीडी फोनवर दोन रात्री वाचून पाहावं. काही कंपन्या आता ही उघडझाप सेकंदाला हजारोंच्या वेगाने करतात, त्याने त्रास कमी होतो. स्वस्त एलसीडी काही बाबतींत चांगली असते, हे सांगणारा दुकानदार मला अजून भेटलेला नाही.

आता फुटलेली काच. फोनच्या काचेला गरम क्षारात बुडवून तिच्यातले सोडियमचे आयन काढून जागी मोठे पोटॅशियमचे आयन बसवतात. त्या दाटीने काच ताणाला टिकते. पण कठीणतेच्या मापावर काचेला सहा-सातच्या दरम्यान चरे पडू लागतात, आणि आपल्या काळ्या मातीत सापडणारी गारगोटी सातची. सदऱ्याच्या ज्या खिशात किल्ल्या आणि धुऱ्यावरची माती आहे, त्यात फोन ठेवला की चरे पडणारच. आणि जिथे चरा पडला, तिथूनच पुढे काच तडकते.

तडकल्यावर दुकानात जो शब्द कानावर येतो तो ‘फोल्डर’. काच, टच आणि डिस्प्ले एकत्र चिकटवलेला संच म्हणजे फोल्डर. "फोल्डर गेला, ओरिजिनल टाकायचा का कॉपी?" या एका प्रश्नात खरेदीचा सगळा हिशेब बदलतो. साध्या एलसीडीचा फोल्डर दीड-दोन हजारांत बसतो. अॅमोलेडचा अस्सल फोल्डर चार-पाच हजारांच्या खाली सहसा येत नाही. म्हणून अॅमोलेड फोनला स्वस्त एलसीडीची कॉपी बसवली जाते. ती मी हातात घेऊन पाहिली आहे: जाड, कडेने उजेड झिरपणारी, काळा रंग राखाडी झालेली. आणि स्क्रीनमधल्या बोटाच्या ठशाचं लॉक बंद पडलेलं, कारण ते ओलेडच्या आरपार बोट पाहतं आणि एलसीडीच्या मागच्या दिव्याने ती वाट बुजते. बारा हजारांच्या अॅमोलेड फोनचा पहिल्या पडण्यानंतर सहा हजारांचा एलसीडी फोन होतो, तो असा.

शिवाय न पडताही जाणाऱ्या स्क्रीन आहेत. ओलेड फोनांवर अपडेटनंतर उभी हिरवी रेघ उमटण्याच्या तक्रारी देशभर इतक्या झाल्या, की २०२४ मध्ये वनप्लसने भारतात त्यासाठी आजीवन वॉरंटी जाहीर केली आणि सॅमसंगने काही जुन्या एस मालिकेतल्या फोनांची स्क्रीन एकदा मोफत बदलून दिली. ज्यांच्या फोनवर अशी रेघ आहे त्यांनी गल्लीतल्या दुकानात फोल्डर टाकण्याआधी कंपनीकडे विचारणा करावी.

दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी सुरू केलं. फोनच्या खोक्यावर तो किती दुरुस्त होण्याजोगा आहे याचे गुण छापावेत, यासाठी नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. युरोपात २० जून २०२५ पासून असं लेबल लागू झालंसुद्धा, आणि मॉडेलची विक्री थांबल्यावर सात वर्षं स्क्रीनसारखे सुटे भाग पुरवणं तिथे बंधनकारक आहे. आपल्याला ते त्यांच्यापेक्षा जास्त गरजेचं आहे, कारण इथे एक फोन बापाकडून लेकाकडे आणि लेकाकडून आजीकडे जातो.

करांचंही सांगायला हवं. १ एप्रिल २०२० पासून मोबाइलवर १८ टक्के जीएसटी आहे. २२ सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत ट्रॅक्टर आणि शेतीची अवजारं ५ टक्क्यांवर आली, हे योग्यच झालं. फोन मात्र १८ वरच राहिला. शासनानेच ज्याच्याशिवाय पिकाची नोंद होत नाही असं करून ठेवलं, तो फोन आज औताइतकाच शेतीचं साधन आहे. निदान दहा हजारांच्या आतल्या फोनांवरचा कर कमी व्हावा. आणि ई-पीक पाहणीचं अॅप करणाऱ्यांना एक विनंती: फिकट हिरव्यावर पांढरं, राखाडीवर राखाडी अशी अक्षरं ठेवू नका. पांढऱ्यावर ठळक काळं, मोठं बटण, एका पानावर एक प्रश्न. एवढ्याने लाखो जुन्या फोनांवरची पाहणी एका अपडेटमध्ये सोपी होईल, कुणाला नवा फोन घ्यावा लागणार नाही.

हिंगोलीच्या रामलीला मैदानावर दसऱ्याची गर्दी सुरू झाली की गावातल्या मोबाइल दुकानांतही उभं राहायला जागा नसते. त्या दिवसांत फोन घेणार असाल तर संध्याकाळच्या दिव्यांच्या झगमगाटात जाऊ नका, दुपारी बाराला जा. पांढरा सदरा घाला. दुकानदाराला ऑटो ब्राइटनेस चालू करायला सांगा, फोन घेऊन दाराबाहेर उन्हात या आणि त्यावर स्वतःचा सातबारा उघडून वाचा. मग आत जाऊन विचारा: याचा ओरिजिनल फोल्डर कितीला, आणि तो हिंगोलीत मिळतो की नांदेडला जावं लागतं? दोन्ही उत्तरं मनासारखी आली तरच पैसे मोजा.